एक जूनचा गोकुळ

"वैनी, फ्लेक्सचं प्रूफ बघा बरं. कडक झालंय का न्हाई?"

गिरणी चालू होती, त्यामुळे आदेश ओरडूनच बोलत होता. हर्षालीने पिठाचे हात ओढणीला पुसले आणि त्याचा मोबाइल घेतला. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतले, काळा गॉगल लावलेले, आदेशचे पुढारी भाऊ छातीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या पायाशी 'भव्य रक्तदान शिबिर, १ जून' अशी अक्षरं, आणि त्याखाली खसखस पेरल्यासारखे कार्यकर्त्यांचे चेहरे. त्यात आदेशचा जरा मोठा. हर्षालीने वरून खाली पाहिलं, मग दोन बोटांनी फोटो ताणून कोपरेसुद्धा पाहिले.

"गोकुळ कुठाय?"

"कोन गोकुळ?" आदेश म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. "आसं व्हय! वैनी, राग मानू नका, पन आत्ताच्या पोरांना गोकुळ इचारलं तर दुधाची पिशवी म्हन्तील. भाऊंचाबी वाढदिवस एक जूनलाच हाय. त्यांच्या नावानं करू की."

"एक जूनला कोनाचा न्हाई? तुझाबी हाय, तुझ्या बापाचाबी हाय."

हे मात्र खरं होतं. अवसरी बुद्रुकमध्ये कागदोपत्री निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. पूर्वी पोराला शाळेत घालायला न्यायचं, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आणि बाप डोकं खाजवत सांगायचा, 'गहू काढायला आल्ते तवाचा.' गुरुजी तरी काय करणार? शाळा जूनमध्ये उघडते, वय बसलं पाहिजे, टाकली एक जून. त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतके केक येतात, की कुणी कुणाला शुभेच्छा दिल्या याचा पत्ता लागत नाही.

आदेशने गिरणीच्या उंबऱ्यावर बसकण मारली. तसा तो वाईट पोरगा नव्हता. "वैनी, गेल्या साली निम्म्या खाटा मोकळ्या व्हत्या. रक्तपेढीचे डॉक्टर काय म्हनले, तुमीच ऐकलं ना? औंदाबी आसंच झालं तर गाडी पाठवायला परवडत न्हाई म्हनले. भाऊंचं नाव लावलं तर पोरं येतील. मी खोटं बोलतोय का?"

"खोटं न्हाई. पन शिबिर गोकुळचं हाय."

"मंग आना त्याला. हुबा करा हितं. माझा शब्द हाय, भाऊंचा फ्लेक्स गुंडाळून घरी नेतो. न्हाई आला तर भाऊ चढनार, आन पुढच्या सालापासून भाऊच."

"ठरलं," हर्षाली म्हणाली आणि पुढचा डबा गिरणीत ओतला.

तिची सासू ठकूबाई वजनकाट्याजवळ बसून हे सगळं ऐकत होती. आदेश गेल्यावर ती म्हणाली, "अगं बया, पैज लावून मोकळी झालीस. त्याचा पत्ता तरी हाय का तुला?"

"नाय."

"मंग?"

"हुडकीन की."

आता हा गोकुळ कोण, ते सांगायला हवं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी टीव्हीवर पोरांच्या गाण्याची स्पर्धा लागायची. तिच्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, भाताची खाचरं तुडवत मोठा झालेला, कानांनी जरा मोठा असा चौदा वर्षांचा पोरगा आला आणि त्याने तोंड उघडलं. बस्स! जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके वेडे झाले. तो गायचा तेव्हा बाया भाकरी तव्यावर विसरायच्या. त्याला जिंकवायचं तर मोबाइलवरून मतं पाठवायला हवीत, आणि तेव्हा मोबाइल घरटी एक, तोही बापाच्या खिशात. मग गावोगाव मंडळं निघाली. येडगावच्या मंडळातल्या पोरांनी त्याच्यासारखी झुलपं ठेवली. मंचरच्या मंडळाने शर्ट छापले. त्याची वाडी आंबेगावात म्हणून तो आंबेगावचा, आणि त्याच्या आईचं माहेर जुन्नरात म्हणून तो जुन्नरचा, यावरून दोन्हीकडची पोरं हमरीतुमरीवर यायची. ज्याच्यासाठी भांडण तो पोरगा तिकडे मुंबईत, त्याला याची गंधवार्ता नाही.

पण मतांच्या बाबतीत बेल्ह्याच्या मंडळाचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बेल्ह्याचं मंडळ म्हणजे हर्षाली. आठवड्याच्या बैलबाजारात ती मैत्रिणींना घेऊन शिरायची. व्यापाऱ्यांचा सौदा चाललेला असायचा. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, तोंडाने कुणी बोलत नाही. हर्षाली तिथे जाऊन उभी राहायची. "मामा, एक हात मोकळा हाय ना? मोबाइल द्या." मामा रुमालाखालचा हात न काढता दुसऱ्या हाताने मोबाइल काढून द्यायचा. तिच्यापासून सुटका नाही हे बैलांनासुद्धा कळलं होतं.

गोकुळ दुसरा आला. तरी त्याची मिरवणूक निघाली, गाण्यांचे कार्यक्रम झाले, वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. आणि मग जे प्रत्येक पोराचं होतं तेच त्याचं झालं. आवाज फुटला. एका मोठ्या यात्रेत त्याला स्टेजवर उभं केलं, त्याने नेहमीची उंच पट्टी धरली आणि आवाज मधेच तडकला. पुन्हा धरली, पुन्हा तडकला. लोक आधी हसले, मग शिट्ट्या मारायला लागले. त्याच्याच मंडळाच्या पोरांनी त्याच्याच फोटोचा कापडी बॅनर ओढून फाडला. गोकुळ स्टेजवरून मागच्या मागे उतरून गेला तो गेलाच. नव्याचे नऊ दिवस संपले. येडगावच्या मंडळाची क्रिकेट टीम झाली, मंचरचं मंडळ अध्यक्ष कोण यावरून मोडलं, बाकीची आपोआप विझली.

हर्षालीने तेवढा बॅनर उचलून घरी नेला आणि शिवला. तिला लोकांचा संताप आला होता, आणि तो आजतागायत गेलेला नाही. आवाज होता तोवर आमचा आमचा म्हणून भांडलात, आणि गेल्यावर शिट्ट्या? ती अठरा वर्षांची झाली त्या वर्षी एक जूनला उरल्यासुरल्या पोरी म्हणाल्या, आता केक कशाला? तेव्हा ती म्हणाली, "केक नको. त्याच्या नावानं रक्त देऊ. त्याला आवाज लागत न्हाई." तेव्हापासून शिबिर सुरू झालं. पुढे लग्न होऊन ती अवसरीला आली, तेव्हा रुखवतातून तो बॅनरही आला. ठकूबाईने तो उलगडला आणि कपाळाला हात लावला. "सून आली ती परक्या पोराचा फोटो घिऊन!" गावात महिनाभर हाच विषय होता. पण त्याच एक जूनला हर्षालीने नवऱ्याला, सयाजीला, आपल्या शेजारच्या खाटेवर झोपवलं आणि विषय बदलला. पुढे ठकूबाईचं ऑपरेशन झालं, दोन पिशव्या रक्त लागलं, ते शिबिराच्या कार्डावर मिळालं. तेव्हापासून ठकूबाई गोकुळविषयी बोलताना 'आमचा गोकुळ' म्हणते.

पण या सगळ्या वर्षांत हर्षाली गोकुळला एकदाही भेटली नव्हती. गरजच पडली नव्हती.

आता पडली. गिरणीत येणाऱ्या प्रत्येकीला ती विचारत सुटली. शेवटी डोंगरपट्ट्यातून हिरडा घेऊन मंचरला आलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "गोकुळ ना? त्यो टेम्पोवर असतो. बैलं घिऊन बेल्ह्याच्या बाजारात येतो की." हर्षालीला हसावं की रडावं कळेना. आख्खं आंबेगाव धुंडाळत होती, आणि पोरगा तिच्या माहेरच्या बाजारात!

बाजाराच्या दिवशी ती बेल्ह्याला गेली. टेम्पोंच्या रांगेत एक जण फळी लावून बैल उतरवत होता. अंगाने भरलेला, कपाळ मागे सरलेलं, गळ्यात गमछा. कान मात्र तेच.

"गोकुळ?"

"भाडं कुठलं?" त्याने मागे न बघता विचारलं. आवाज घोगरा होता.

"भाडं न्हाई. मी हर्षाली. मंडळाची."

"कसलं मंडळ?"

"तुझं."

बैलाचा कासरा हातातच राहिला. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मग तो बैल खुंट्याला बांधून आला, गमछ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "ताई, त्या पोराला जाऊन लई वर्सं झाली."

तिने शिबिराचं सांगितलं. त्याला ठाऊक होतं. "ऐकलं व्हतं. माझ्या नावानं लोक रगत देत्यात म्हनल्यावर आई रडली व्हती. मी न्हाई आलो. कोन वळखनार? आन वळखलं, तर गा म्हन्तील."

"औंदा ये. न्हाई तर तुझं नाव जातंय." तिने आदेशची पैज सांगितली. काही लपवलं नाही.

गोकुळ हसला. वाईट हसला. "जाऊ दे की नाव. ताई, खरं सांगू? माझा वाढदिवस एक जूनला न्हाईच."

"काय?"

"गुरुजींनी टाकलाय. आमच्या वाडीतल्या समद्या पोरांचा एक जूनच. टीव्हीवाल्यांनी शाळेचा दाखला मागितला, त्यावर व्हतं ते छापलं. आई म्हनती, मी आवनीतला. भात लावता लावता बांधावर झालेला."

हर्षाली टेम्पोच्या पायरीवर बसली. तिला खरोखर कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. ज्या गावांत निम्म्या लोकांची तारीख गुरुजींनी ठरवलेली, त्या गावांतल्या पोरींच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट येऊ नये? आपल्या घरादाराचे एक जून खोटे, हे सगळ्यांना ठाऊक. पण गोकुळचा टीव्हीवर आला होता, म्हणून तो खरा! दोन तालुक्यांत एका माणसाला शंका आली नाही. इतकी वर्षं ती ज्या दिवसाला कवटाळून बसली होती, तो दिवस गोकुळचा नव्हताच. आदेशला हे कळलं तर तो फ्लेक्स दुप्पट मोठा करील, हेही तिच्या मनात येऊन गेलं. डोळे भरून आले ते तिने ओढणीने सरळ पुसले, लपवले नाहीत.

"झालं?" गोकुळ हळू आवाजात म्हणाला. "म्हून म्हनतो, लावू दे त्यांना त्यांच्या भाऊचा फोटो."

हर्षाली उठली. "तारीख खोटी असंल. रगत तर खोटं नव्हतं ना? माझ्या सासूच्या अंगात त्यातलंच हाय. तू ये. गायला कोनी सांगनार न्हाई. सांगितलं तर मी हाय."

"बघतो," तो म्हणाला.

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे 'नाही'. हे शेंबड्या पोरालाही कळतं. हर्षालीलाही कळलं. तरी घरी आल्यावर तिने ट्रंकेतून बॅनर काढला, उन्हात टाकला आणि उसवलेले टाके पुन्हा घातले. तारखेचं तिने कुणालाच सांगितलं नाही. ठकूबाईने विचारलं, येनार का? हर्षाली म्हणाली, येनार.

एक जूनला शाळेच्या दोन खोल्यांत खाटा पडल्या. शाळेला सुटी होती. ऊन असं की पत्रे वाजत होते. हर्षालीने खिडकीच्या गजांना बॅनर बांधला. चौदा वर्षांचा गोकुळ, हातात माइक, डोळे मिटलेले, गालावरून गेलेली शिवण. बाहेर फाटकावर आदेशच्या पोरांनी शिडी लावून ठेवली होती, आणि गुंडाळलेला फ्लेक्स भिंतीशी उभा होता.

"वैनी, जेवनाच्या टायमापर्यंत वाट बघतो," आदेश म्हणाला.

दरवर्षी पहिली पिशवी हर्षालीची. ती चप्पल काढून रांगेत पुढे गेली. तपासणाऱ्या पोरीने बोटातला थेंब घेतला, बघितला आणि मान हलवली. "ताई, हिमोग्लोबिन कमी आहे. तुमचं नाही घेता येणार."

"आसं कसं? परत बघा."

परत बघितलं. कमीच. ठकूबाई कडाडली, "घरात गिरनी हाय, आन हिच्या अंगात रगत न्हाई! सोताच्या ताटाकडं कधी बघितलंस का, बया?" लोक हसले. हर्षाली हसली नाही. सयाजी तिच्या जागी जाऊन झोपला. ती बाहेर आली आणि फोन लावायला बसली. बेल्ह्याच्या मैत्रिणी, गिरणीतल्या बाया, त्यांचे नवरे, कुणाला सोडलं नाही. "येतो म्हनू नका. निघालो म्हना." काही आले. तरी खाटा मोकळ्या दिसत होत्या. डॉक्टर दोनदा घड्याळाकडे बघून गेले.

ऊन डोक्यावर आलं. आदेशने शिडीकडे बघितलं. आणि तेवढ्यात एक टेम्पो वळणावरून आला आणि शाळेच्या भिंतीला लागून थांबला. बैलांचा टेम्पो, पण धुतलेला. मागच्या हौद्यात वाडीतली दहा-पंधरा माणसं दांड्याला धरून उभी होती. पुढून गोकुळ उतरला आणि त्याने एका म्हातारीला हात देऊन उतरवलं.

आदेश धावत गेला. "या या पावनं, लई भारी काम केलं! आत चला, लवकर झोपा. तो गायक बियक आला तर गर्दी व्हईल, मंग तुमचा नंबर लागायचा न्हाई."

"बरं," गोकुळ म्हणाला.

हर्षाली दारातच उभी होती. दोघांची नजरानजर झाली. त्याने हलकेच मान हलवली, सांगू नको. समोर शिडी, भिंतीशी फ्लेक्स. एक शब्द उच्चारला की पैज जिंकली. पण गायला कुणी सांगणार नाही, असं ती बाजारात बोलून आली होती, आणि नाव कळलं की गाणं आलंच. तिने ओठ मिटले आणि बाजूला झाली. बाहेर पोरांनी फ्लेक्सची दोरी सोडायला घेतली. ते तिने ऐकलं, वळून पाहिलं नाही.

वाडीची माणसं रांगेला लागली. गोकुळ सगळ्यांच्या मागे राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा टेबलावरच्या पोरीने मान वर न करता विचारलं, "नाव?"

त्याने खिडकीतल्या बॅनरकडे बघितलं.

"गोकुळ भागू."

"जन्मतारीख?"

शेजारी उभी असलेली म्हातारी, त्याची आई सखूबाई, लगेच म्हणाली, "आवनीतला हाय, बाई. लई पाऊस व्हता, बांधावरच..."

"तारीख सांगा, आजी."

"एक जून," गोकुळ म्हणाला.

"आज?" पोरीने आता वर पाहिलं. "आज वाढदिवस आहे तुमचा?"

"हां. आजच हाय," तो म्हणाला. या खेपेला मोठ्याने म्हणाला. घोगरा आवाज दोन्ही खोल्यांत गेला. सखूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग काय समजायचं ते समजली, आणि म्हणाली, "लिव्हा, बाई."

दारात आदेश उभा होता. त्याने गोकुळकडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं, पुन्हा गोकुळच्या कानांकडे पाहिलं. "आयला!" एवढंच त्याच्या तोंडून आलं. तो बाहेर गेला आणि पोरांवर ओरडला, "ए, उतरा खाली! गुंडाळा त्यो!"

व्हायचं तेच झालं. पोरं मोबाइल काढून आत शिरली. "गोकुळभाऊ, एक गानं! एकच कडवं!" हर्षाली पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून पुढे झाली. "कोनी गा म्हनायचं न्हाई. ज्याला गानं पायजे त्यानं आधी खाटंवर झोपायचं."

"आवाज न्हाई राह्यला, भावांनो," गोकुळ म्हणाला.

"रगत हाय ना?" ठकूबाई मागून म्हणाली. "मंग झालं तर. चल, झोप."

पोरं गडबडली, एकमेकांना ढकलायला लागली, आणि त्यातली बरीचशी नाइलाजाने रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि गाडीतून आणखी पिशव्या आणायला माणूस पाठवला. आदेश सगळ्यात पुढे होता.

गोकुळला खिडकीखालची खाट मिळाली. सुई लागली, पिशवी भरायला लागली. मुठीत लाल चेंडू धरून तो दाबत, सोडत होता. वरच्या बॅनरवर चौदा वर्षांचा पोरगा डोळे मिटून गात होता. गोकुळने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "पोराचा आवाज लई भारी व्हता, नाय?"

हर्षालीने गजाला सुटलेली बॅनरची दोरी पुन्हा ओढून बांधली.

"व्हता," ती म्हणाली. "गप पडून ऱ्हा आता. पिशवी भरू दे."